तातेरावांची बगळी

"थांबा, पायरी हाय," म्हणत मंजुळाबाईंनी तातेरावांचा हात धरला. परभणीला मोतीबिंदू काढून ते नुकतेच सेनगावजवळच्या आपल्या गावी परतले होते. एका डोळ्यावर जाड पट्टी, दुसऱ्यात पूर्वीपासूनच धूसर पडदा.

"पायरी राहू दे. आधी बगळीकडं ने मला."

"घ्या! बायकूच्या आधी गवत!" कुंपणापलीकडून शेजारची गोजरबाई हसली. "दाजी, तुमची बायकू सवतीला रोज पाणी पाजून राहिली व्हती बरं!"

तातेराव पत्नीच्या हाताला धरून अंगणाकडे वळले.

हिंगोलीच्या सरकारी बंगल्यावर माळीकाम करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. तेथे एका साहेबांनी दिलेल्या मूठभर बियांतून हे शोभेचे गवत उगवले. केसांसारखी पाती, वर बगळ्याच्या पिसांसारखे शुभ्र तुरे. म्हणून त्यांनीच त्याला बगळी हे नाव दिले. प्रत्येक बीजाला पिसासारखी दीर्घ शेपटी असे. ती कोरडी असताना पीळ घेई, दवाने उलगडे, आणि त्या फिरण्याने बीज आपले आपण मृत्तिकेत उतरे. ते पाहताना तातेरावांचे हात नकळत जोडले जात. पुढे बंगल्याची बाग मोडली, तेव्हा त्यांनी अखेरचा ठोंब घरी आणला. अंगणातील काळी माती उपसून तेथे मुरूम आणि वाळू भरली. कारण या गवताला तहान सोसते, साचलेली ओल सोसत नाही. मात्र दवाखान्यात जाताना ते पत्नीला एवढेच म्हणाले होते, "जप त्याला. बी पिकलं की रोपं करू."

त्र्याहत्तर सालच्या त्या दुष्काळी, कोरड्या फाल्गुनात जपण्याचा एकच अर्थ मंजुळाबाईंना ठाऊक होता.

तातेराव बगळीपाशी उकिडवे बसले. तुरे हाताला लागले. मऊ, पण अजून कोवळे. बी पिकलेले नव्हते. बोटे खाली बुडख्याशी गेली आणि तेथेच थबकली. सारा ठोंब लिबलिबीत झाला होता. एक काडी ओढताच मुळाविना हाती आली.

"मळ्यातल्या विहिरीवरून आणलं पाणी," मंजुळाबाई अभिमानाने सांगत होत्या. "खांदा सुजला, पर एक दिस खंड न्हाई पडू दिला. काहून गप झाले? बरं हाय नं त्याचं?"

तातेरावांनी ती काडी पुन्हा चिखलात रोवली.

"व्हय. बराबर हाय. आता पाणी नको घालू. निजू दे त्याला."

"निजायला ते लेकरू हाय का?" त्या हसल्या. "आना, हात धुते. चिखलानं भरले."

तांब्यातील पाणी बोटांवर पडले, आणि कुजक्या मुळांचा उग्र वास वर आला. मंजुळाबाईंचा हात थांबला. त्यांनी वळून पाहिले. तुरे वाऱ्यावर डोलत होते, पांढरे, नेहमीसारखे.

पतीचे एकेक बोट त्या सावकाश धूत राहिल्या, वास गेल्यावरही. तातेरावांनीही हात मागे घेतला नाही.