शापाची दुसरी ओळ

प्लंबरला शाप मिळाला तो ऐन दुपारी, बेसिनखाली डोकं असताना.

चूक त्याचीच होती, असं त्याची बायको नंतर म्हणाली आणि त्यानेही ते नाकारलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा स्वयंपाकघरातला नळ गळत होता, एवढंच मुळात काम. सोमवारी येतो म्हणून सांगून तो गुरुवारी उगवला. नळ काढला, वॉशर बदलला, आणि त्या ओढाताणीत भिंतीतल्या पाइपाचा जोड असा काही दुखावला की स्वयंपाकघरातला नळ थांबला आणि न्हाणीघरातला सुरू झाला. उद्या येतो म्हणून तो गेला, आणि ते उद्या पुढच्या आठवड्यात पोचलं. दरम्यान बाईंनी बादली लावली, टब लावला, शेवटी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं लावलं. मग तो शीळ घालत आला, भिंतीतला तो जोड बघायला स्वयंपाकघरातल्या बेसिनखाली शिरला, आणि पहिल्याच झटक्याला पाना त्याच्या हातून सटकून बाहेर फरशीवर पडला. फरशीचा टवका उडाला. ‘‘असू दे, जुनीच होती,’’ असं तो आतूनच म्हणाला.

आता या बाई साध्यासुध्या नव्हत्या. मुलांच्या नाटकांत त्यांनी उभी हयात चेटकीण केली होती. माइक नसलेल्या सभागृहात शेवटच्या रांगेतलं पोर आईच्या कुशीत शिरेल असा त्यांचा आवाज. नाटक सुटून बरीच वर्षं झाली होती, आवाज सुटला नव्हता. त्या खुर्चीतून उठल्या, उजवा हात वर केला, बोटं फाकवली आणि म्हणाल्या:

‘‘ओल्या हाताच्या माणसा, ऐक माझा शाप—’’

बेसिनखाली तो आवाज असा घुमला की प्लंबरचं डोकं वर आपटलं. डोकं चोळत तो बाहेर आला. बाईंचा हात तसाच वर होता. त्यांनी मान डावीकडे वळवली, जणू तिथे कुणीतरी उभं आहे. तिथे फ्रिज होता. काही वेळ त्या फ्रिजकडे बघत राहिल्या. मग हात खाली आला, त्याला जायला सांगून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

जिन्यात प्लंबरला हसू आलं. रस्त्यावर येईपर्यंत ते टिकलं. कोपऱ्यावर वळता वळता मात्र त्याच्या मनात, कुणी न विचारता, एक शब्द येऊन बसला. ताप.

जेवताना त्याने बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, की शापाशी काय काय जुळतं गं. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना भिंतीवरची बारकी अक्षरं वाचायला लावायची, त्यामुळे अक्षरांशी तिची चांगलीच सलगी होती. ती मान वर न करता म्हणाली, ताप, साप, पाप, काप, माप, धाप, अजून हवेत का? त्याने पुरे म्हटलं आणि काय घडलं ते सांगितलं. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. ‘‘म्हणजे तुला शाप मिळालाय, पण कसला ते सांगितलेलंच नाही,’’ ती म्हणाली. तिला हा प्रकार फारच आवडला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून त्याला मेसेज पाठवत राहिली. तो एका गच्चीत टाकी साफ करत असताना ‘संताप’ आला. शिडीवर असताना ‘विलाप’ आला, पुढेमागे काही नाही, नुसताच विलाप. संध्याकाळी दुकान बंद होता होता ‘पश्चात्ताप’ आला आणि त्यामागे हसणारे चेहरे.

ती खेळत होती, पण प्लंबरची गंमत केव्हाच संपली होती. गच्चीत गुंडाळून ठेवलेला रबरी पाइप त्याला जरा हलल्यासारखा वाटला, आणि उन्हात काम केल्यामुळे कपाळ गरम लागलं तेव्हा त्याने समोरच्या घरातून थर्मामीटर मागून घेतला. पाइप कापताना माप चुकलं. एरवी चुकलं असतं तर त्याने एक शिवी हासडून दुसरा तुकडा कापला असता. आता तो चुकलेला तुकडा हातात धरून बसून राहिला, कारण ते माप होतं. मग पत्र्याने बोट कापलं. जिना चढताना धाप लागली. ज्या ज्या गोष्टीचं यमक जुळत होतं ती ती गोष्ट त्याला शोधत येत होती. एकदा तो शिडीवरून पडला आणि मनगट सुजलं, तेव्हा मात्र त्याला हायसं वाटलं. शिडी, मनगट, सूज, यातलं काहीच शापाशी जुळत नव्हतं. हे आपलं नेहमीचं पडणं, असं त्याने घरी आल्यावर आनंदाने सांगितलं.

तेव्हा बायको हसायची थांबली. तिने मनगटाला पट्टी बांधली आणि बजावलं, की उद्याच्या उद्या त्या बाईंकडे जा आणि एक तर शाप पुरा करून घे, नाहीतर मागे घ्यायला लाव. असं अधांतरी माणसाला ठेवतात होय.

बाईंनी दार उघडलं, त्याचं मनगट पाहिलं आणि त्याला बसायला खुर्ची दिली. राग कधीच ओसरला होता. त्याने आपलं गाऱ्हाणं मांडलं तेव्हा त्या ओशाळल्या. शाप मागे घ्यायला आपली काही हरकत नाही, पण अर्धा शाप मागे कसा घेतात ते आपल्याला ठाऊक नाही, असं त्या म्हणाल्या. आणि पुरा करणं त्यांच्या हातात नव्हतं.

‘‘दुसरी ओळ माझी नाहीच रे. ती धाकटीची,’’ बाई म्हणाल्या.

मग कळलं ते असं. नाटकांत चेटकिणी दोन असायच्या, या आणि यांची धाकटी बहीण. पहिली ओळ थोरलीची, दुसरी धाकटीची, लेखकाने काहीही लिहिलेलं असलं तरी. धाकटी प्रत्येक खेळाला दुसरी ओळ नवी करायची, आणि थोरलीला ती पोरांबरोबरच कळायची. हात वर करून डावीकडे बघायचं आणि वाट पाहायची, त्यातच सगळी मजा होती. असं वर्षानुवर्षं चाललं. मग एका भरलेल्या खेळाला बाई म्हणाल्या, ‘‘थरथर कापा पोरांनो, ऐका माझी वाणी,’’ आणि ‘वाणी’ म्हणतानाच त्यांची नवीकोरी कवळी निसटून रंगमंचावर पडली. धाकटी क्षणभरही थांबली नाही. ‘‘कवळी पडली हो हिची, झाली केविलवाणी,’’ ती म्हणाली. पोरं खुर्च्यांवर उभी राहून हसली. बाईंनी कवळी उचलली, विंगेत गेल्या, तोंडाचा रंग पुसला आणि घरी आल्या. त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या.

सांगता सांगता बाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, पण प्लंबर पाहतोय म्हटल्यावर त्यांनी तो आवरला. धाकटी कुठे असते असं त्याने विचारलं. नाटकाचे कपडे भाड्याने देते, त्यांनी सांगितलं, आणि पत्ता असा घडाघडा सांगितला, जणू रोज तिथे जात असाव्यात.

सुटीच्या दिवशी नवरा-बायको दोघंही त्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला राजांचे झगे, दुसरीला सैनिकांचे डगले, छताला टांगलेल्या माकडांच्या शेपट्या, आणि काउंटरवर काचेच्या बरण्यांत मिशा, रंगानुसार लावलेल्या. धाकटी म्हणजे सत्तरीकडे झुकलेली, गोल चेहऱ्याची, तोंडात टाचण्या धरून एका सिंहाची आयाळ शिवत बसलेली बाई. प्लंबरने विषय काढताच तिने टाचण्या काढून ठेवल्या. ताई नेमकं काय म्हणाली, तिने विचारलं. त्याने ओळ म्हणून दाखवली. अशी नव्हे, जशी म्हटली तशी म्हण, ती म्हणाली. त्याने पट्टी बांधलेला हात वर केला आणि आवाज खोल लावला. शेपट्या हलल्या.

‘‘नंतर तिने डावीकडे बघितलं?’’

‘‘बघितलं. तिथे फ्रिज होता.’’

धाकटीने पुन्हा सिंह जवळ ओढला. सिंहाची आयाळ उगाचच विंचरत राहिली. तिचं विंचरणं संपेना तेव्हा प्लंबरच्या बायकोने आपल्याला पडलेला प्रश्न विचारून टाकला. मुळात शापाला यमक लागतंच कशाला? गोष्टीतली चेटकीण सरळ सांगत का नाही, की तुझं अमुक होईल?

‘‘सरळ सांगितलं तर माणूस वाद घालतो,’’ धाकटी म्हणाली. ‘‘का होईल, कसं होईल, तू कोण सांगणारी. पण पहिली ओळ कानात पडली की दुसरीसाठी तो स्वतःच जागा करून ठेवतो. खुर्ची मांडून वाट बघत बसतो. मग जे येऊन बसेल ते त्याला आधीपासूनच ठरलेलं वाटतं. चेटकिणीला कष्ट नाहीत गं. निम्मं काम तुझ्या नवऱ्याने केलंय.’’

‘‘मी तर सगळंच केलंय,’’ प्लंबर म्हणाला, आणि ताप, साप, धाप, विलाप, सगळा हिशेब तिच्यापुढे मांडला. धाकटीने तो गंभीरपणे ऐकून घेतला. ‘आलाप’ राहिला, असं तिने सुचवलं. मग त्याने हात जोडले आणि काहीतरी सौम्य देऊन टाका म्हणून विनवलं. पण दुकानात बसून शाप देत नाहीत, तिने ठणकावलं. ताई पहिली ओळ म्हणेल, तेव्हाच आपली दुसरी. तिने सिंहाला झाकलं, शटर ओढलं, आणि प्लंबरच्या व्हॅनमध्ये पाइपांच्या मधोमध एका उलट्या बादलीवर जाऊन बसली. वळणांवर ती पाइपांना धरायची आणि पाइप तिला.

थोरलीने दार उघडलं. समोर प्लंबर, त्याच्या मागे त्याची बायको, आणि बायकोच्या मागून डोकावणारी धाकटी. थोरली मागे सरकून स्वयंपाकघरात गेली, तिच्या मागोमाग सगळे गेले. धाकटीने इकडेतिकडे पाहिलं आणि फ्रिजच्या पुढे, थोरलीच्या डाव्या हाताला, जाऊन उभी राहिली. थोरलीने तिच्याकडे बघितलंच नाही. उजवा हात वर केला, बोटं फाकवली.

‘‘ओल्या हाताच्या माणसा, ऐक माझा शाप—’’

प्लंबरने बायकोचा दंड घट्ट धरला. थोरलीने मान डावीकडे वळवली.

‘‘नळ जिथे गळेल तिथे धावशील आपोआप!’’

आपोआप. हा शब्द दोघांनाही सुचला नव्हता. इतक्या दिवसांत, इतक्या मेसेजांत, एकदाही नाही. प्लंबरची बायको आधी हसली, मग प्लंबर, आणि त्याला हसताना कुठून तरी टपटप ऐकू आलं तसा तो पान्यांची पिशवी घेऊन न्हाणीघराकडे निघालाही होता. अर्ध्या वाटेत त्याच्या ते ध्यानात आलं. पण पाय थांबेनात.

इकडे थोरलीचा हात खाली आलाच नाही. तो आता हळूहळू धाकटीकडे वळला.

‘‘खोट्या मिशा विकणारे, ऐक माझी वाणी—’’

शब्द तिने मुद्दाम निवडला होता. धाकटीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. न्हाणीघरात पाना थांबला. धाकटीने एकदा छताकडे पाहिलं, एकदा आपल्या चपलांकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला दुसरी ओळ सुचायला वेळ लागला.

‘‘हसं करायला गेले तुझं, ठरले दीडशहाणी.’’

थोरलीने ती ओळ ऐकली, चाखून पाहिल्यासारखी मनाशी म्हणून पाहिली. मग तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की प्लंबरच्या बायकोला वाटलं, आता ही रडते. पण ते हसू होतं, इतकं जुनं आणि दाबलेलं की सुरुवातीला हसूसारखं वाटलंच नाही. हसता हसता तिने कवळी हाताने दाबून धरली. ते पाहून धाकटी फ्रिजला टेकली आणि हसत हसत खालीच बसली.

त्यानंतर त्या थांबेनात. थोरलीने फ्रिजला शाप दिला, पातेल्याला दिला, टवका उडालेल्या फरशीला दिला, आणि धाकटीने सगळ्यांची यमकं जुळवली. आवाज जिन्यात गेला. वरच्या मजल्यावरचा शिक्षक काय झालं म्हणून खाली आला आणि दारातच त्याला त्याच्या चष्म्यावरून एक शाप मिळाला. रागावण्याऐवजी त्याने तो पुन्हा म्हणून घेतला, नीट पाठ झाला की नाही ते तपासलं आणि शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला बोलावून आणलं. जोडप्याने एकमेकांसाठी एकेक शाप मागितला. कुणीतरी खुर्ची आणली. कुणी विचारलं की नातेवाइकांसाठी घेऊन जाता येतो का. धाकटीने सांगितलं, जाता येतो, पण पत्ता सांगू नका, स्वभाव सांगा.

प्लंबरने जोड पक्का केला, नळ उघडून पाहिला, बंद करून पाहिला. एक थेंब नाही. हे दाखवायला तो हात पुसत बाहेर आला, तर त्याच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. त्याची बायको दारात उभी राहून चष्म्याच्या दुकानाच्या मालकाचं वर्णन करत होती, उंची, टक्कल, रजा मागितली की घसा खाकरण्याची सवय, आणि दोन्ही चेटकिणी माना हलवत लक्षपूर्वक ऐकत होत्या. त्याने पिशवी उचलली आणि घरी चलायचं का म्हणून तिला विचारलं.

तिने हातानेच त्याला गप्प केलं. थोरलीचा हात वर जात होता.