पाचव्या नटाची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे, पण आजवर मी एकही दार उघडलेले नाही. माझी उंची तुमच्या अंगठ्याएवढी, अंग पोलादाचे आणि तोंडात सात पाकळ्यांची खाच. मला पहिल्यांदा पाहणारा उलटसुलट करतो आणि विचारतो, हे कशाचे झाकण?

कारखान्यात माझ्याबरोबर चाकाचे चार नट जन्मले. त्यांच्या डोक्यावर सात पाकळ्यांचे फूल होते. एका गाडीच्या चार चाकांवर ते एकेक करून बसले. प्रत्येक चाकाला पाच नट. त्यातले चार साधे, कुठल्याही पान्याने सुटणारे, आणि पाचवा माझा भाऊ. मला त्याच्यावर बसवायचे, माझ्या पाठीला पाना लावायचा, तेव्हाच तो हलतो. चाक चोरीला जाऊ नये म्हणून ही सगळी उठाठेव.

सुरुवातीची वर्षे मजेत गेली. पंक्चर काढणारे काका मला पुसून वरच्या खिशात ठेवत आणि म्हणत, "ही हरवली तर बसा बोंबलत." मी फुशारून जाई.

गाडीचे मालक म्हणजे मामा, वस्तू फार जपणारे. एकदा शेजारच्या गल्लीत कुणाच्या तरी गाडीची चाके चोरीला गेली आणि मामांची झोप उडाली. त्यांनी मला जुन्या पायमोज्यात गुंडाळले आणि डिकीतल्या मलमपट्टीच्या पेटीत, कापसाच्या तळाशी ठेवले. चोर कधी मलमपट्टी करायला थांबतो का? ही जागा त्यांनी कुणालाच सांगितली नाही. पुढे बहुधा स्वतःलाही नाही.

तीन वर्षे मी तिथे पडून होते. मोजा अंगठ्याशी फाटलेला होता आणि पेटीला तडा गेला होता, तेवढ्या फटीतून मला जग दिसे. जगात काय चालले आहे याची मला फार उत्सुकता. पण दिसायची ती डिकीच.

मग एके दिवशी मामांच्या भाचीने गाडी मागून नेली. तिची स्वतःची गाडी दुरुस्तीला गेली होती आणि नेमका त्याच दिवशी तिच्या तीन वर्षांच्या लेकीचा बालवाडीतला पहिला दिवस होता. सकाळी लेक तिचा कुर्ता सोडेना. तेव्हा तिने शब्द दिला, "बाराची घंटा होईल ना, तेव्हा मी दारात उभी असेन." लेकीने तो शब्द तीनदा म्हणवून घेतला.

सव्वाअकराला, दोन्हीकडे गोदामांच्या भिंती असलेल्या लांब रस्त्यावर, फट् असा आवाज झाला आणि गाडी एका अंगावर लंगडू लागली.

ती घाबरट होती, पण हातपाय गाळून बसणारी नव्हती. तिने डिकी उघडली. पेटी उचलून रस्त्याच्या कडेला ठेवली, म्हणजे मलाच ठेवले, आणि गालिच्याखाली स्टेपनी शोधली. ती मिळाली. जॅक काही मिळेना. माहितीपुस्तकात जॅकचे चित्र होते, पण ते दुसऱ्याच बनावटीच्या गाडीचे. अखेर जॅक पुढच्या सीटखाली निघाला. तिने आधी गाडी उचलली आणि मग नट फिरवू लागली, तर नटाबरोबर अख्खे चाकच गोल फिरायला लागले. ती थांबली. चाकाकडे बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, "अस्सं होय. आधी सैल, मग उचल." तिने गाडी पुन्हा खाली घेतली. मला ती तेव्हाच आवडली.

चार नट सैल झाले. पाचव्यावर पाना बसेना. चाकाच्या टोपणाची कड लागून तिचे बोट कापले आणि रक्त आले.

मित्रांनो, मी आनंदाने हरखून गेले. आता पेटी उघडणार, कापूस निघणार, मोजा निघणार! पण तीही जपणारीच बाई. तिच्या पर्समध्ये पट्टी होती, मलम होते, शिवाय लहान कात्रीसुद्धा. बोट बांधून ती पुन्हा नटापाशी गेली. पेटीकडे तिने पाहिलेही नाही. मी भावापासून हातभर अंतरावर होते.

दुधाची गाडी चालवणारा एक माणूस थांबला. त्याने वाकून पाहिले, पाना लावून पाहिला आणि कपाळावरचा घाम पुसला. "ताई, हे चार माझ्या पोराकडनंही सुटतील. हा पाचवा माझ्या बापाकडनंही सुटायचा नाही. याची किल्ली असते. कुठाय ती?"

तिने खण पाहिले, सीटखाली पाहिले, पायपुसणी झटकली. दूधवाल्याला पुढे जायचे होते, तो गेला. गॅरेजवाल्याने दीड तास सांगितला. बालवाडीचा फोन कुणी उचलेना. मामा फोन घरी ठेवून बाहेर गेले होते, तो मामींनी उचलला.

"अगं, त्यांनी ठेवलीय म्हणजे कुणाला सापडेल अशी थोडीच ठेवतील," मामी म्हणाल्या. "माझ्या कपाटाची किल्ली अशीच जपून ठेवलीय. दोन वर्षं झाली, शोधतेय. तू असं कर, चोर जिथं ढुंकून बघणार नाही, तिथं बघ."

बारा वाजायला दहा मिनिटे होती. ती डोळे पुसत डिकीच्या कडेवर बसली. बांधलेल्या बोटाकडे बघितले. मग हळूच मान वळवून माझ्या पेटीकडे.

"ही तर मीसुद्धा उघडली नाही," ती म्हणाली.

झाकण उघडले, कापूस उडाला, मोजा झटकला आणि मी तिच्या तळहातावर पडले. तिने माझे तोंड पाहिले, नटाचे डोके पाहिले, एकेक पाकळी जुळवून मला बसवले. भाऊ तीन वर्षांत गंजला होता, हलेना. ती पान्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली. कर्र असा आवाज झाला आणि तो सुटला. इतके गोड ओरडणे मी कधी ऐकले नव्हते.

स्टेपनी बसवून तिने मला नकळत खिशात टाकले, म्हणून पुढचेही मला कळले. आम्ही पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. अंगणात एक बाई झाडत होती आणि पायरीवर लेक एकटीच बसली होती. ती रडत नव्हती.

"घंटा झाली," ती म्हणाली. "मग मी दहापर्यंत मोजलं. मग परत दहापर्यंत. मला पुढचं येत नाही ना."

"किती वेळा मोजलंस गं?"

"खूप."

आईने तिला इतके घट्ट धरले की मी दोघींच्या मध्ये दबून गेले.

संध्याकाळी मामांनी आपली बाजू मांडली. "पण चोराला सापडली नाही ना?"

"मलाही नाही सापडली, मामा," ती म्हणाली.

मामा खुर्चीतून उठले. मग आत जाऊन त्यांनी कपाटामागे, घड्याळामागे काहीतरी शोधायला सुरुवात केली.

आता मी लेकीच्या केसांच्या लाल रिबिनीने जॅकला बांधलेली असते आणि माझी जागा घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण आज घरी गेल्यावर मोठ्यांना एवढे विचारा, ती कुठे आहे हे आणखी कुणाला माहीत आहे?

मामींच्या कपाटाची किल्ली अजून मिळालेली नाही. ती बिचारी कुठेतरी अंधारात पडून आहे. अगदी सुरक्षित.