सालासकट संत्रं

संत्र्यावरचा तो निळा कागदी गोल नखानं खरवडताना रुक्सांद्राला जाणवलं, की आपण बराच वेळ मान वर केलेलीच नाही. टेबलावर परडीभर संत्री – आता रोमानियात, ब्राइलासारख्या गावातही बारा महिने मिळतात – आणि परडीखाली ठराव: नव्या जिम्नॅस्टिक्स हॉलला प्रशिक्षक द्रागुलेस्कु यांचं नाव द्यावं. सकाळी ती होकार ठरवूनच घरून निघाली होती.

"मुलींना उपाशी ठेवायचा तो माणूस," तरुण वकील मादालिना म्हणाली. "थप्पड ती थप्पडच."

"अगं, तेव्हा अख्खा देशच उपाशी होता!" अध्यक्ष जेलू खेकसले. "पदक आलं नाही तर वरचे त्याचीच कातडी सोलायचे. तू तेव्हा जन्मली तरी होतीस का?"

तिघांच्या समितीत एक होकार, एक नकार. आता दोघंही तिच्याकडे बघत होते. द्रागुलेस्कु सरांच्या हाताखाली घडलेली या खोलीत ती एकटीच.

मी सांगू? मी?... दिवसातून दोनदा वजन, आणि दोनशे ग्रॅमचा फरक पडला की खोल्यांची झडती. त्या संध्याकाळी काहीच सापडलं नव्हतं – सापडलंही नसतं, पण बारा वर्षांच्या रुक्सांद्रानं सरांच्या कानात सांगितलं, की खोलीतल्या स्मारांदानं पाव मोज्यात लपवलाय... स्मारांदाला दुसऱ्याच दिवशी गावी धाडलं. रुक्सांद्राला संत्रं मिळालं, नाताळलाही धड दिसत नसे असलं, आणि ते तिनं न्हाणीघरात सालासकट खाल्लं, मागे काही उरायला नको म्हणून. कडू लागलं होतं. तरी बोटं चाटली होती. काळच तसा होता म्हणावं, तर ती माफी आधी माझ्याच पदरात पडते. आणि नाही म्हणावं तर – तर त्या कानाशी लागलेल्या पोरीचं काय करायचं?

दार ढकलून सरच आत डोकावले, काठी टेकत.

"किती वेळ लावता रे? म्हाताऱ्याला तिष्ठत ठेवता!" मग तिच्याकडे बघून हसले. "रुक्सी! अंगानं भरलीस की गं! तू आहेस म्हणजे मला घोर नाही. माझ्यापासून तू कधी काही लपवलं नाहीस."

जेलू हसले. तीही हसली. दार लागलं, काठीचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

"हं, बोला," मादालिना म्हणाली.

रुक्सांद्रानं पेन उचललं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सर आत आल्यापासून आपण पोट आत ओढून बसलोय. बावन्न वर्षांचं पोट. तिनं ते सोडायचा प्रयत्न केला. सुटेना.