एका ठोक्याचा उशीर

अमेरिकेतल्या डेटन शहराच्या अख्ख्या पश्चिम भागात लूशस टॉलिव्हरइतका हट्टी माणूस सापडायचा नाही. बेचाळीस वर्षं तो बायकोच्या सख्ख्या भावाशी बोलला नव्हता, आणि कारण काय, तर एक रेकॉर्ड.

'गेट नाइन' हा त्यांचा सहा जणांचा बँड. सगळे मोटारींच्या कारखान्यात नऊ नंबरच्या गेटने कामाला जाणारे, म्हणून बँडला गेटचंच नाव. लूशस ड्रम वाजवायचा आणि मेहुणा एमेट बेस गिटार. पंचाहत्तर साली पहिली रेकॉर्ड निघाली. ती लूशसच्या घरी लावली आणि अर्ध्या मिनिटात त्याचा चेहरा उतरला. आत जुनं ब्लँकेट कोंबून तो आपल्या ड्रमचा आवाज जाड, खालचा ठेवायचा. रेकॉर्डवरचा आवाज मात्र टणटणीत होता.

"हा मी नव्हे," तो म्हणाला. "रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने माझ्यामागे भाड्याच्या ड्रमरकडून वाजवून घेतलं."

"अरे, तूच आहेस," एमेट म्हणाला. "गाण्यातल्या मधल्या थांब्यानंतर तू नेहमी उशिरा येतोस, तसा इथेही आलायस. पैसे घेऊन वाजवणारा अशी चूक करेल का?"

झालं! समजूत काढायला गेला आणि जखमेवर मीठ चोळून बसला.

"म्हणजे आधी फसवायचं, वर अक्कल काढायची? खोटारडा लेकाचा!" लूशसने डोक्यात राख घातली आणि बँड सोडला. तीन महिन्यांत बाकीचेही पांगले.

मधल्यामध्ये भरडली गेली ती लूशसची बायको डोरीन. दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती दुपारी भावाकडे पीचच्या कॉब्लरचं, त्या गोड पदार्थाचं भांडं पोचवायची आणि परत येऊन नवऱ्याला वाढायची. "तुम्हा दोघांना एका टेबलावर बघितल्याशिवाय मी काही डोळे मिटणार नाही," असं ती म्हणायची. लूशस म्हणायचा, "मग पुष्कळ जगशील."

यंदा नोव्हेंबरात, ती रेकॉर्ड जिथे झाली तो जुना स्टुडिओ बंद व्हायला आला. तिथल्या म्हाताऱ्या हॉरेसने फोन केला, तुमची टेप घेऊन जा, नाहीतर कचऱ्यात जाईल. मंगळवारी लूशस गेला. हॉरेसने टेप चढवली. आधी लूशसचाच खोकला ऐकू आला, मग त्यानेच मोजलेले आकडे, आणि मग तो जाड, खालचा आवाज.

"हे माझे ड्रम!"

"मग कोणाचे असणार? गाणं रेडिओवर मंद वाटेल म्हणून मालकाने रेकॉर्ड काढताना टेप जरा जास्त वेगाने फिरवायला लावली. त्याने आवाज चढला. तेव्हा सगळेच करायचे."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी? तू तर तरातरा निघून गेलास."

लूशसने खुर्ची टेपच्या मशीनजवळ ओढली. मग म्हणाला, "नुसता ड्रम आणि बेस लाव."

मधला थांबा आला. नंतरचा त्याचा ठोका केसभर उशिरा पडला. एमेटचं खरं होतं. पण लूशसने तेवढाच तुकडा तीनदा लावायला सांगितला, कारण बेसही उशिरा येत होता, अगदी तेवढाच. एमेट त्याच्यासाठी थांबला होता. एमेट थांबला म्हणून बाकीचे थांबले होते, आणि चूक कोणाला कळलीच नव्हती. लूशसला स्वतःची भयंकर लाज वाटली.

थँक्सगिव्हिंगला त्याने डोरीनच्या हातातून भांडं काढून घेतलं आणि एमेटच्या दाराची घंटा स्वतः वाजवली.

दार उघडून एमेट बघतच राहिला. "डोरीन कुठाय?"

"गाडीत रडतेय. एमेट, तो मीच होतो."

"ते मला ठाऊक आहे. तुला कधी कळलं?"

"गेल्या मंगळवारी."

एमेट हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. त्याच्या बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती.

"बेस कुठाय?" लूशसने विचारलं.

"माळ्यावर. ही बोटं आता तार दाबत नाहीत."

आपण काय घालवलं ते लूशसला तेव्हा कळलं. त्याने आत जाऊन भांडं टेबलावर ठेवलं, तिथले दोन चमचे उचलले आणि टेबलाच्या कडेवर ठेका धरला. एमेट तोंडानेच बेस गुणगुणू लागला. डोरीन दारात येऊन उभी राहिली. मधला थांबा आला, दोघं गप्प झाले. लूशसला दम लागला होता, हात उचलेना. ठोक्याची वेळ केव्हाच निघून गेली.

एमेट तोंड मिटून त्याच्याकडे बघत थांबला होता.