वैशाखात हरवलेला किरण

मित्रांनो, मी एक जुना स्फटिक आहे. नखाएवढा, विटकरी रंगाचा, एका कोपऱ्यावर टवका उडालेला. अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत राहतो. लेझरचा झोत अंगावर पडला की मी टेराहर्ट्झचा किरण सोडतो. तो तुमच्या डोळ्यांना दिसायचा नाही. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एखादाच भाग तो टिकतो. मला तर तेवढ्यात अख्खं स्वप्न पडून जातं!

समोर अर्धवाहकाचा पातळ तुकडा असतो. त्यात उजेड शिरला की इलेक्ट्रॉन जागचा उठतो, पण मागे राहिलेल्या रिकाम्या जागेचा लळा काही सुटत नाही. दोघं एकमेकांभोवती फिरत राहतात. या जोडीला एक्झिटॉन म्हणतात. ती विरून जायच्या आत माझा किरण तिला हळूच भेटून येतो. फार लोभस जोडी असते हो ती.

धामणगावची दीपमाला या जोडीवरच पीएचडी करते. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र माझा किरण पोहोचेचना. पडद्यावर नुसत्या वेड्यावाकड्या रेषा! तीन दिवसांनी तिचं काम तपासायला विद्यापीठाची समिती येणार होती. जोडी दाखवता आली नाही, तर विषय बदला, असं समितीनं तिला बजावलं होतं. म्हणजे चार वर्षं वाया! सगळे माझ्यावरच घसरले. "म्हातारा झाला, फेका त्याले." मला फार लागलं.

प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या चतुराबाईंचा दीपमालावर भारी जीव. एसी बंद पडला, म्हणून त्यांनी घरचा कूलर आणून ठेवला होता. रोज बादल्या ओतून भरायच्या. पावसाळ्यात हवेतला ओलावा माझा किरण शोषून घेतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण वैशाखातल्या वऱ्हाडात ओलाव्याचा संशय कोण घेणार?

तिसऱ्या दिवशी नळच आले नाहीत. चतुराबाई म्हणाल्या, "पोरी, कूलर कोरडाच हाय आज. कशी बसशीन उकाड्यात?"

दीपमालानं घाम पुसत लेझर सुरू केला. अन् काय सांगू! रेषा निवळल्या, मधोमध जोडीची खूण उमटली. ती कूलरकडे बघतच राहिली. "मावशी, कूलरची वाफच किरण गिळून राहिली होती!"

चतुराबाईंनी हातातली रिकामी बादली खाली ठेवली. "म्हंजे मीच तुयं नुकसान करून राहिली होती?"

दीपमालानं त्यांना मिठी मारली आणि पडद्यासमोर बसवलं. समितीच्या आधी ती जोडी चतुराबाईंनी पाहिली.

"दोघं सोबत हायेत ना?"

"हाव, मावशी."

"मंग झालं," म्हणत त्यांनी डोळे पुसले.

मित्रांनो, कुणाला निकामी ठरवण्याआधी मधली हवा तपासा. आणि चूक मायेपोटी झाली असेल, तर आधी त्या माणसाला जवळ घ्या.