चष्मा काढा

"अहो भाऊ, काढा तो चष्मा! उपग्रह वर आलाय, आणि तुमचं अजून चाचपडणंच चाललंय!" साहेब मागून खेकसले.

भाऊंचा हात आरशाच्या स्क्रूवर थबकला. लेझर चालू असताना चष्मा काढायचा नाही, हे केंद्रात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनीच दरडावलं होतं. पण त्या चष्म्यातून हिरवा किरण दिसत नाही, आणि किरण दिसल्याशिवाय आरसा जुळत नाही.

"काढताय ना?"

भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. आरशावरून किरण उसळला आणि डोळ्यात काहीतरी फुटलं. फारसं दुखलंही नाही.

डावा डोळा जन्मापासून नावापुरताच. सगळी भिस्त उजव्यावर, आणि आता उजव्याच्या बरोबर मधोमध काळं भोक पडलं.

आरसे जडवलेल्या उपग्रहावर किरण सोडायचा आणि तो किती वेळात परतला ते मोजायचं, हे भाऊंचं काम. कुठे बर्फ वितळलं, कुठे जमिनीखालचं पाणी उपसलं गेलं, की पृथ्वीची तिथली ओढ बदलते आणि उपग्रहाची वाट केसभर सरकते. तो केसभर फरक पकडण्यात भाऊंची हयात गेली होती.

चौकशीत साहेब म्हणाले, "मी कशाला असं सांगेन? नियम तर यांनाच तोंडपाठ."

चौकशी अधिकारी मेहुण्यांकडे वळला. धाकट्या बहिणीचा नवरा. भाऊंनीच चार जणांकडे शब्द टाकून त्यांना इथे चिकटवलं होतं. अपघाताच्या वेळी ते भाऊंच्या शेजारी टॉर्च धरून उभे होते.

"मी... पाणी प्यायला बाहेर गेलो होतो," मेहुणे फरशीकडे बघत म्हणाले.

निष्काळजीपणा भाऊंचा ठरला. नोकरी गेली. निरोपाच्या चहाला साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाण्याआधी मेहुण्यांना तेवढा आरसा जुळवायला शिकवा. खुर्ची घरातच राहील, काय?"

सगळे हसले. भाऊंनी शिकवलं. मेहुण्यांकडून स्क्रू जास्त फिरायचा, तेव्हा त्यांच्या हातावर आपला हात धरायचे.

महिन्याभराने बहीण आली. दारातच रडायला लागली.

"दादा, ते खरं बोलले असते तर त्यांनाही काढलं असतं रे. पोरं लहान आहेत माझी."

"अगं, मी काही म्हटलंय का?"

"म्हणत नाहीस, तेच खातं मला. शिव्या दे, पण एकदा बघ माझ्याकडे."

भाऊ तिच्याकडेच बघत होते. साडी दिसत होती, हातातली पिशवी दिसत होती; जिथे चेहरा असायला हवा तिथे ते काळं भोक होतं. जिथे रोखून बघावं तिथलंच नेमकं गिळायचं ते. म्हणून त्यांनी मान वळवली आणि नजर भिंतीवर लावली. तेव्हा कुठे कडेला तिचा चेहरा उमटला, जरा पुसट. किती वाळली होती ती! आईसारखी दिसायला लागली होती.

"तोंड फिरवलंस ना?" ती म्हणाली. "बरं केलंस."

तिने चपला पायात सरकवल्या. भाऊ भिंतीकडे बघत राहिले, ती जिना उतरून दिसेनाशी होईपर्यंत.