शेजारी आलेला नवा

मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. दिसायला नुसतं लोखंडी कपाट. पादुआ शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत एका पोकळ कड्यात सूर्याहूनही तापलेला वायू पेटवतात. तो कशाला टेकला की विझतो, म्हणून चुंबकांनी अधांतरी धरायचा. तरी तो सारखा भिंतीकडे कलतो. कलला की संगणक हुकूम देतो, मी कड्याभोवतीच्या तारांच्या वेटोळ्यांत वीज सोडतो आणि ती त्याला मधे ढकलतात.

इथली माणसं अपशकुन टाळायला लोखंडाला हात लावतात. प्रत्येक प्रयोगाआधी माझ्या दाराला लावायची. मला वाटे, हा माझा मान.

मग एका वसंतात इंजिनिअर ओर्नेल्लाने हात लावायचा सोडला आणि टेपने माझी रुंदी मोजली. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

थोड्याच दिवसांत शेजारी नवा आला. पांढरा, गुळगुळीत, कुरकुर नाही की घरघर नाही. एवढं गप्प राहणाऱ्याच्या पोटात काय असेल, कोण जाणे! मी त्याच्यावर नजर ठेवली.

माझ्या तारा काढून त्याला जोडल्या. पहिल्याच प्रयोगात वायू भिंतीला लागून विझला. दुसऱ्यातही. माझ्यावर सारी हयात घालवलेले तंत्रज्ञ एजिदिओ ओर्नेल्लाला म्हणाले, "पोरी, तुझा फ्रिज छान आहे. दूध ठेव त्यात."

"अहो, टोमणे नंतर मारा. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर हा परत जाणार, आणि माझं कामही!"

नवा तिनेच हट्टाने आणवला होता. मला बिचारीची दया यायला हवी होती. पण खरं सांगतो, मी खूश होतो.

गुरुवारी तारा पुन्हा मला जोडल्या. वायू टिकला! एजिदिओंनी माझ्या दारावर थाप मारली. "म्हातारा तो म्हातारा!"

ओर्नेल्ला हसली नाही. मी नव्याकडे बघायचो ना, अगदी तशीच ती माझ्याकडे बघत होती.

"हा हळू आहे. मी मोजलंय. मग वायू याच्याकडेच कसा टिकतो?"

एजिदिओ मान खाजवू लागले. "अगं... हा उशिरा जागा होतो ना, म्हणून हुकूमच आधी सोडायचा आणि थोडा जास्त जोराचा, असं आम्ही संगणकाला शिकवलं होतं."

"कधी?"

"हा म्हातारा इथे आला तेव्हा. मग विसरूनच गेलो."

"आणि नवा बिचारा सांगाल तसं, सांगाल तेव्हाच करतो! वायूला थेट पलीकडच्या भिंतीवर नेऊन आपटतो!"

तिने हुकूम दुरुस्त केले. शुक्रवारी वायू मधोमध उभा राहिला, माझ्याकडे कधी राहिला नव्हता इतका वेळ. एजिदिओंनी सगळ्यांना कॉफी पाजली.

आता माझ्या तारा काढल्यात. मी दाराजवळ उभा असतो. नव्याचं अंग ॲल्युमिनियमचं, म्हणून लोक हात लावायला माझ्याकडेच येतात. परवा ओर्नेल्लानेही लावला. मायेने की भीतीने, याची मला अजून शंका आहे.

एवढंच मागणं आहे. नवाही कधीतरी हळू होईल. तुम्ही त्यालाही सांभाळून घ्याल. पण तसं त्याला सांगा. मला कुणी सांगितलंच नाही.